बाळाचा बाप्तिस्मा आत्ता करावा, की तिला समजायला लागल्यावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांजलपूरला राहणारं मराठी ख्रिस्ती जोडपं, मुलगी पाच महिन्यांची. नवऱ्याचं घराणं तीन पिढ्या फतेगंजातल्या मेथॉडिस्ट मंडळीत, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा दीड महिन्याचा असताना झालेला. बायको लग्नाआधीपासून एका ‘विश्वासी’ फेलोशिपमध्ये जाते. तिथं बाप्तिस्मा बुडवूनच, आणि तोही माणसाने स्वतः कबुली दिल्यावर. आजी म्हणते, ईस्टरच्या आत बाळाच्या डोक्यावर पाणी पडू दे. फेलोशिपचे ब्रदर म्हणतात, बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, आणि नवऱ्यानेही आता खरा बाप्तिस्मा घ्यावा. नवरा विचारतो, ‘बरोबर कोण, आणि आम्ही काय करावं?’

मी चौतीस वर्षं पाळकाचं काम केलं, त्यातली निम्म्याहून जास्त वडोदऱ्यात, मराठी आणि गुजराती दोन्ही उपासना सांभाळत. बाळांच्या डोक्यावर पाणी घातलं आहे आणि मही नदीच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठ्या माणसांना बुडवलंही आहे. त्यामुळे दोन्हीकडचे मला आपला समजतात आणि दोन्हीकडचे थोडे नाराजही असतात. उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागून. मुलीचा बाप्तिस्मा आत्ता करावा असं माझं मत आहे. थांबलात तर तेही पाप नाही. पण तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा घेऊ नका. या तिन्हींत मी सर्वांत ठाम आहे तो तिसऱ्या गोष्टीवर.

आधी एक गैरसमज दूर करू. शेजारच्या बायका विचारतात, “तुमच्यात बारसं चर्चमध्ये करतात ना?” आपल्यातलेही पुष्कळ जण मनातून तसंच समजतात. बारसं वेगळं. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत आता गुजराती रीत शिरली आहे; चार पोरं ओढणीची झोळी धरतात, आत बाळ, ‘ओळी झोळी पीपळ पान, फोईए पाड्युं अमुक नाम’ असं म्हणत झोळी हलवतात आणि आत्या नाव ठेवून मोकळी होते. बाप्तिस्म्यात मी नाव ठेवत नाही. मी विचारतो, “या बाळाचं नाव काय?” म्हणजे नाव आधीच ठेवलेलं आहे. ते नाव घेऊन मग मी म्हणतो, “पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करतो.” त्या दिवशी बाळाला लागतं ते हे दुसरं नाव. ते तिचं नाही, देवाचं आहे, आणि इथून पुढे ती त्या नावाची.

हे समजावून सांगायला वडोदऱ्याइतकं सोयीचं गाव नाही. १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गायकवाडांच्या शेतकरी भाऊबंदांची मुलं आणली गेली. २७ मे १८७५ रोजी त्यांतल्या गोपाळरावाचं दत्तकविधान झालं आणि तो सयाजीराव झाला. त्या दिवशी पोराला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. कारभाराचे पूर्ण अधिकार हातात आले २८ डिसेंबर १८८१ रोजी. मधली साडेसहा वर्षं शिकण्यात गेली. आता सांगा, तो गादीचा वारस कधी झाला? शिकून तयार झाला तेव्हा, की जमनाबाईंनी मांडीवर घेतला तेव्हा?

प्रेषित पौल नेमका हाच दत्तकाचा शब्द वापरतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, आपल्या मराठी बायबलमध्ये, ‘दत्तकपणाचा आत्मा’ असं आहे. दत्तकाच्या कागदावर सही घेणाऱ्याची असते. बाप्तिस्मा म्हणजे माझ्या मते आधी देवाची सही. आपण त्या घरात वाढतो, रुळतो, कधी रुसून निघूनही जातो, पण ते सगळं सही झाल्यानंतरचं.

ही उपमा दुधारी आहे, तेही कबूल करतो. गोपाळराव बारा वर्षांचा होता. “कशाला आलास?” असं विचारल्यावर “राज्य करायला” असं त्याने बेधडक सांगितलं, ही गोष्ट बडोद्यात लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली असते. तुमच्या मिसेस म्हणतील, बघा, त्याला विचारलं होतं! बरोबर आहे. म्हणूनच हा वाद अजून मिटला नाही.

दत्तकाच्या जोडीला बाप्तिस्म्याचे आणखी अर्थ नव्या करारात आहेत, आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत. धुणं तर आहेच. पण रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल धुण्याचं बोलतच नाही, तो पुरण्याचं बोलतो: ख्रिस्ताबरोबर मेलो, त्याच्याबरोबर पुरले गेलो, त्याच्याबरोबर उठणार. महीच्या पाण्यात माणसाला मागे आडवं करताना हे अंगावर येतं. त्याचा श्वास रोखलेला असतो, सगळा भार माझ्या डाव्या दंडावर असतो, आणि एक क्षण त्याचा चेहरा पाण्याखाली गढूळ दिसतो. वर आला की खोकतो, आणि बहुतेक जण हसतात. शिंपडण्यात हे दिसत नाही, हे आम्हा शिंपडणाऱ्यांनी मान्य करायला हवं. उलट, आत्मा ‘ओतला’ जातो असं प्रेषितांची कृत्ये सांगतं, ते ओतलेल्या पाण्यात दिसतं आणि बुडवण्यात दिसत नाही. एका विधीत सगळे अर्थ मावत नाहीत.

म्हणून किती पाणी, हा प्रश्न मी लवकर उरकतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं, यात शंका नाही, पण मार्कच्या सातव्या अध्यायात त्याच शब्दकुळाने जेवणाआधीचं धुणं आणि भांडी धुणंही सांगितलं आहे. ‘दिदाखे’ हे अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं पुस्तक सांगतं: वाहत्या पाण्यात करा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार चालत नसेल तर कोमट घ्या, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतकी समजूतदार सूचना मी नंतरच्या कुठल्याच कमिटीच्या ठरावात वाचली नाही. आमच्याकडे वाहतं पाणी म्हणजे विश्वामित्री, आणि तिच्यात शहराच्या मधोमध मगरी आहेत. म्हणून आम्ही महीवर जातो.

जाता जाता, ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द मराठीत तसाच का ठेवला, असं पुष्कळ जण विचारतात. हा शब्द भांडणाचा होता. बंगालमधल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द घातला तर बायबल सोसायटीने मदत थांबवली, आणि १८४० साली बॅप्टिस्टांनी भाषांतरासाठी वेगळी संस्था काढली. मूळ शब्द तसाच ठेवला की प्रत्येकाने आपापला अर्थ घ्यावा आणि पुस्तक एकच वाचावं.

आता बाळांचं. तुमच्या मिसेसची बाजू आधी मांडतो, कारण ती आमच्याकडे फार हलक्यात घेतली जाते. नव्या करारात अमुक बाळाला बाप्तिस्मा दिला, असं एकही वाक्य नाही. मार्क १६:१६ मध्ये क्रम विश्वास, मग बाप्तिस्मा असा आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी ज्यांनी वचन स्वीकारलं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे आमच्या विधीत वाचतात, पण त्या प्रसंगात येशूने बाळांना कवेत घेतलं, आशीर्वाद दिला. पाण्याचा तिथे उल्लेख नाही. ते वचन पुरावा म्हणून पुढे करणाऱ्या पाळकाला मी तरुणपणी टोकलं होतं, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

इतिहासातही त्यांची बाजू दुबळी नाही. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यान लिहितो की लहान मुलांची घाई कशाला, त्यांना ख्रिस्त ओळखता येऊ दे. पुढे मोठा ख्रिस्ती पंडित झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका किती भाविक, पण तिने मुलाचा बाप्तिस्मा बाळपणी केला नाही. पोर आजारी पडलं तेव्हा तयारी झाली, बरं वाटलं तशी पुढे ढकलली. त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये, बत्तिसाव्या वर्षी. सम्राट कॉन्स्टंटाइनने तर ३३७ साली मरणशय्येवर घेतला. म्हणजे पहिल्या चार शतकांत सगळी ख्रिस्ती घरं बाळांचा बाप्तिस्मा करत होती, हे आमच्याकडचं विधान टिकत नाही.

आणि एक लाजेची गोष्ट. जानेवारी १५२५ मध्ये झुरिचमध्ये काही जणांनी, आपला बाळपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे असं मानून, एकमेकांना बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी, ५ जानेवारी १५२७ रोजी, त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्याच लिमात नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट नगरपरिषद होती, म्हणजे नात्याने आमच्याच बाजूची. फेलोशिपचे ब्रदर तावातावाने बोलतात तेव्हा मी हे आठवतो आणि आवाज खाली ठेवतो.

मग मी बाळांच्या बाजूने का? तेर्तुल्यानचंच बघा. तो ‘करू नका’ म्हणतो, म्हणजे लोक करत होते; आणि बाळाच्या वतीने जामीन राहणाऱ्यांचाही तो उल्लेख करतो. त्यानंतर पन्नासेक वर्षांत ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित लिहितो की बाळांना बाप्तिस्मा देण्याची परंपरा मंडळीला प्रेषितांकडून मिळाली. २५३ च्या सुमारास कार्थेजमध्ये तिथला बिशप सिप्रियन याच्यासह सहासष्ट बिशप बसले होते, त्यांच्यापुढे आलेला प्रश्न मजेशीर आहे. बाळाला द्यावा की नाही, हा वाद नव्हताच. जुन्या करारातल्या सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबावं का, एवढंच कुणीतरी विचारलं होतं. बिशपांनी एकमताने सांगितलं, तेवढंही थांबू नका.

या सगळ्याहून माझ्यावर जास्त परिणाम करतो तो ‘घराणं’ हा शब्द. प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया नावाच्या बाईचा बाप्तिस्मा झाला, ‘तिच्या घराण्याचाही’. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा मध्यरात्री झाला, सगळ्या घरच्यांसकट. स्तेफनाच्या घराण्याचा पौलाने स्वतः केला. त्या घरांत तान्ही मुलं होती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पूर्वी देवाचा करार घराण्याशी होता, आठ दिवसांच्या पोराच्या अंगावरही त्याची खूण होती, आणि कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सुंता आणि बाप्तिस्मा एकाच दमात सांगतो. पेत्र पहिल्याच प्रवचनात म्हणतो, हे वचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. आता करार जास्त उदार झाला आणि मुलं मात्र बाहेर काढली, असं झालं असतं तर यहूदी आयांनी मोठा गलका केला असता, आणि पत्रांतून कुठेतरी तो ऐकू आला असता. तो येत नाही. शांततेवरून काढलेला निष्कर्ष आहे हा, मला ठाऊक आहे. तरी मला तो पटतो. मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७८४ साली मेथॉडिस्टांसाठी विश्वासाची कलमं छाटून दिली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा मंडळीत चालू ठेवावा, हे एक वाक्य त्याने ठेवलंच.

आपल्या मराठी माणसांच्या स्मरणात तर याचं थेट चित्र आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलीचा, मनोरमेचा. मनोरमा अडीच वर्षांची. रमाबाई शास्त्र कोळून प्यालेल्या, प्रत्येक मुद्द्यावर तिथल्या सिस्टरांशी वाद घालणाऱ्या. त्यांच्याइतका विचार करून बाप्तिस्मा घेतलेलं दुसरं माणूस दाखवा. मनोरमेने काय विचार केला असेल? आई जिथे गेली तिथे ती गेली. लुदियेचं घराणं मला नेहमी असंच दिसतं.

याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त नंतर, काही वर्षांनी सापडला. हे वाक्य मी कन्फर्मेशनच्या, म्हणजे बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी स्वतः कबुली देण्याच्या तयारीच्या, क्लासमध्ये दरवर्षी सांगायचो. कारण बाप्तिस्म्याचा खरेपणा माझ्या त्या दिवसाच्या विश्वासावर तोलायचा ठरवलं, तर रमाबाईंचाही कच्चा ठरेल. मग तो कुणाचा पक्का?

इथून मी तुमच्याकडे येतो. ब्रदर म्हणतात, तुमचा बाप्तिस्मा झालाच नाही. त्यांचा युक्तिवाद एका ठिकाणी थांबत नाही, ही त्यातली अडचण आहे. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांचा तीनदा झाला होता: बाळपणी शिंपडून, कॉलेजात असताना बुडवून, आणि तिसरा दुसऱ्या एका फेलोशिपने, कारण आधीच्या वेळी शब्द चुकीचे उच्चारले होते म्हणे. चौथ्याबद्दल विचारायला ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “प्रत्येक वेळी तुमचं काय कमी पडलं ते सांगता, देवाचं काय कमी पडलं?”

पौल म्हणतो, एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा. इफिसातल्या बारा जणांचा पुन्हा झाला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे खरं, पण त्यांचा आधीचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हताच. चौथ्या शतकात आफ्रिकेतले दोनातिस्त म्हणत, बाप्तिस्मा देणारा पाळक भ्रष्ट निघाला तर तो बाप्तिस्माही वाया. ऑगस्टीनने त्यावर आयुष्याची कितीतरी वर्षं खर्च केली आणि मंडळीने ठरवलं की देणारा ख्रिस्त आहे, पाळकाचा फक्त हात. पाळकांची माहिती असलेला मी हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतो.

एकदा ऐन बाप्तिस्म्यात फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, फ्लॅश उडाला नाही, परत एकदा पाणी घाला ना.” आजी-आजोबा, मामा-मामी सगळे माझ्याकडे बघायला लागले, त्यांनाही चाललं असतं. मी बाळ आईकडे दिलं. त्या घरच्या अल्बममध्ये तो फोटो नाही. तुम्हाला जे सांगतोय ते यापेक्षा वेगळं नाही.

तुमच्या मनात जी भूक आहे ती खोटी नाही. तुम्हाला तो दिवस आठवत नाही, आणि मिसेसना त्यांचा आठवतो, गार पाणी, गाणं, सगळं. तर त्यासाठी आपल्याच परंपरेत सोय आहे. वेस्लीने १७५५ मध्ये कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. मेथॉडिस्ट मंडळ्यांत ती नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. बहुतेक लोक त्या दिवशी आदल्या रात्रीच्या वॉच-नाईटच्या, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेच्या, जागरणाने डुलक्या घेत असतात. तुम्ही जागे राहून ते शब्द म्हणा. पाळकांना सांगितलंत तर ते तुम्हाला पुढे बोलावून, सर्वांसमोर जुन्या शपथा तुमच्या तोंडून म्हणवून घेतील.

आता भीतीबद्दल, कारण आजींच्या ‘ईस्टरच्या आत’मागे बहुधा तीच आहे. बरीच वर्षं झाली, रात्री दीड वाजता एका खासगी दवाखान्यातून फोन आला. सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी, काचेच्या पेटीत. नर्सने सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून दिलं, पेटीच्या गोल झडपेतून मी हात आत घातला, आणि कपाळावर तीन थेंब सोडले. माझ्या करंगळीएवढं कपाळ असेल नसेल. ती तिसऱ्या दिवशी गेली. तो बाप्तिस्मा मी कुणाला हवा तर पुन्हा आनंदाने देईन, आई-बापांना त्या तीन थेंबांनी धरून ठेवलं. पण त्याआधी एकदा मी पोचेपर्यंत बाळ गेलं होतं, आणि आईने मला एकच विचारलं: आता त्याचं काय? मी म्हणालो, “ज्याने दिलं होतं त्याच्याकडे आहे.” सांत्वन म्हणून नव्हे, मला तसंच वाटतं. कॅथलिकांमध्ये बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत करावा असा नियम आहे, अडचणीत कुणीही, अगदी नर्सही तो करू शकते. पण बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं त्यांच्याही धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ मध्ये लिहिलं. देव आपल्या संस्कारांनी बांधला गेलेला नाही. आजींना हे तुम्ही सांगा, त्यांना धीर येईल. मुलगी ईस्टरनंतरही देवाचीच आहे.

आता घरातलं. मिसेसचं मन नसताना करू नका. बाप्तिस्म्यात आई आणि बाप दोघांनी उभं राहून शपथ घ्यायची असते, आणि एकीने ओठ दाबून घेतलेली शपथ मला ऐकू येते. एकदा एक आजी भर दुपारी रिक्षातून नातवाला घेऊन आल्या, सून-मुलगा दोघे ऑफिसात. “पटकन घाला पाणी, त्यांना कशाला कळायला पाहिजे?” मी बाळाला मांडीवर घेतलं, खेळवलं, प्रार्थना केली आणि तसंच परत पाठवलं. आजी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दोघांचं जमत नसेल तर समर्पणाची, म्हणजे पाण्याविना बाळाला देवाच्या हाती सोपवण्याची, प्रार्थना करून घ्या आणि पुढचं मुलीवर सोडा. हा काही पळपुटेपणा नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात बाळांचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन होते आणि फक्त विश्वासी प्रौढांना बुडवणारे बॅप्टिस्ट, ब्रदरनही होते. त्यांनी दोन्ही पद्धती एकाच मंडळीत समान म्हणून मान्य केल्या. आपल्या गुजरातेतच बघा: वर आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळ्या, खाली वलसाड-अंकलेश्वरकडे ब्रदरन, जे पुढच्या बाजूला वाकवून तीनदा बुडवतात. त्यांतले बरेच आज एका चर्चमध्ये नांदतात. आम्ही मेथॉडिस्ट आयत्या वेळी बाहेर राहिलो, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

दोघांचं जमलं, तर मी तुमच्या पाळकांच्या जागी असतो तर एकच गोष्ट तपासली असती: तुम्ही रविवारी दिसता का. बाळांच्या बाप्तिस्म्याविरुद्धचा खरा पुरावा बायबलात नाही, आमच्या रजिस्टरात आहे. शाळाप्रवेशाचे फॉर्म निघाले की आठवड्याला दोन घरं बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी येतात, अल्पसंख्याकांच्या जागेसाठी. त्या घरांतलं पोर पुन्हा दिसतं ते त्याच्या लग्नाच्या तारखेला. अशांना मी नंतरच्या वर्षांत सांगायला लागलो, आधी तीन महिने उपासनेला या. काही आले. पुष्कळ दुसऱ्या चर्चमध्ये गेले आणि तिथे दाखला मिळवला. जन्माच्या दाखल्यासाठी महानगर सेवा सदन, म्हणजे महानगरपालिका, आहे, त्यासाठी देवाला राबवायला नको.

धर्मपिता-धर्ममाता निवडताना अमेरिकेतला काका नको. मुलगी चौदा वर्षांची होऊन दार आपटून खोलीत जाईल, तेव्हा जिच्याशी ती बोलेल अशी बाई बघा. तुमच्या मिसेसच्या फेलोशिपमधली एखादी मैत्रीण असेल आणि तिची तयारी असेल, तर फारच बरं.

कायद्याचं विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण हल्ली घाबरून विचारतात. ख्रिस्ती आईबापांच्या बाळाचा बाप्तिस्मा हे धर्मांतर नाही. दुसऱ्या धर्मातून प्रौढ माणूस येतो तेव्हा गुजरातेत २००३ चा कायदा लागू होतो आणि विधी करणाऱ्याला जिल्हा मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. तो प्रसंग तुमचा नाही.

तारीख ठरवायच्या आधी एक काम करा. मिसेसना घेऊन चर्चच्या ऑफिसात जा आणि तुमच्या जन्मवर्षाचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढायला सांगा. त्यात तुमचं नाव, तारीख, आईवडिलांच्या आणि धर्मपित्याच्या सह्या असतील. आईंची सही बहुधा थरथरती, कारण एका हातात तुम्ही असणार. ती नोंद दोघांनी मिळून वाचा आणि मग घरी येऊन बोला.

आणि जो काही दिवस ठरेल त्या दिवशी पाणी कोमट करून घ्यायला सांगा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, दुधाचं बघतो तसं. एक मऊ सुती पंचा बरोबर न्या. केक, फुगे, फोटोग्राफर सगळं येतं. पंचा सगळे विसरतात, आणि मग बाळाचं डोकं माझ्या झग्याच्या बाहीने पुसावं लागतं.